जीव कासावीस होतो, त्याला नाव कुणी दिलं?

आपल्या बोलण्यात आता ‘टेन्शन’ आलं, ‘पॅनिक’ आलं, ‘डिप्रेशन’ तर पोराटोरांच्या तोंडीसुद्धा आहे. आपल्या सासवा-आज्या म्हणायच्या, जीव कासावीस होतोय, नुसती घालमेल चाललीय, बाई हवालदिल झालीय. गटाच्या कामासाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा दोन्ही तऱ्हेचे शब्द कानावर पडतात. शब्द बदलला की बाईकडे बघायची नजर बदलते, हे आम्ही पाहिलंय. म्हणून आज या इंग्रजी शब्दांची मुळं थोडी उकरून बघू.

‘पॅनिक’ घ्या. जुन्या ग्रीक लोकांचा पॅन नावाचा देव होता, रानाचा आणि मेंढपाळांचा, पाय बोकडाचे. काही कारण दिसत नसताना अख्खा कळप एकदम उधळतो, ती भीती पॅन घालतो असं ते मानत. शेळ्या राखणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको. ‘डेस्परेट’ हा लॅटिनमधून आला, अर्थ साधा, आशा सुटलेला. ‘फ्रँटिक’ म्हणजे सैरभैर, आणि त्याचं मूळ तापात बरळणाऱ्या रोग्याच्या दुखण्याच्या नावात आहे.

‘बेडलम’ची गोष्ट मात्र वाईट आहे. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या नावाने एक मठ झाला, पुढे तिथे वेड लागलेल्या माणसांना ठेवू लागले. लोकांच्या जिभेवर बेथलेहेमचं बेडलम झालं. सतराव्या-अठराव्या शतकात शहरातले लोक तिथे रोगी बघायला जात, दानपेटीत नाणं टाकून, जसं आपण जत्रेत खेळ बघतो. आज इंग्रजीत बेडलम म्हणजे नुसता गोंधळ. ‘लुनॅटिक’ हा शब्द चंद्रावरून पडला. आपल्याकडेही अमावास्या-पौर्णिमेला डोकं फिरतं म्हणतात, तसंच. पण तो शब्द इंग्रजांनी आपल्या कायद्यात घातला. १९१२ सालच्या त्या कायद्याच्या नावातच वेडेपणा होता आणि त्याच्या जागी दुसरा कायदा संमत व्हायला १९८७ उजाडलं.

आता ‘हिस्टेरिया’. हा शब्द आपल्या गावांत अजून चालतो. पोरीला दातखीळ बसली, हातपाय ताठ झाले, बाई ओरडायला लागली की कुणीतरी म्हणतंच, हिस्टेरिया आहे, लग्न करून द्या.

हा सल्ला नवा नाही बरं का. ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी तिथल्या काही वैद्यांनी लिहून ठेवलं की बाईचं गर्भाशय जागा सोडून अंगात वर चढतं, छातीशी दाटतं आणि तिचा श्वास कोंडतो. उपाय काय, तर नाकाशी घाण वासाचं काही धरायचं आणि खालून सुगंधी धूर द्यायचा, म्हणजे ते आपलं खाली उतरेल. आणि कायमचा इलाज, लग्न आणि बाळंतपण. पुढे सोरेनस नावाच्या वैद्याने स्पष्ट सांगितलं की गर्भाशय काही बिळातून निघालेल्या जनावरासारखं फिरत नाही. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही.

पण या शब्दाने एकदा बायांची बाजूही घेतली, तेही सांगायला हवं. १६०२ साली लंडनमध्ये मेरी ग्लोव्हर नावाच्या मुलीला झटके येऊ लागले आणि एलिझाबेथ जॅक्सन या म्हातारीवर चेटकाचा आरोप झाला. एडवर्ड जॉर्डन नावाचा डॉक्टर कोर्टात म्हणाला, हे चेटूक नाही, हे गर्भाशयाचं दुखणं आहे. कोर्टाने मानलं नाही, म्हातारीला शिक्षा झालीच. जॉर्डनचं कारण चुकीचं होतं, पण आजार म्हटल्यावर दुसऱ्या बाईच्या मागचा ससेमिरा सुटू शकतो, हे त्याला कळलं होतं. भूतबाधा, करणी आपल्याकडेही आहेच, म्हणून आम्हाला हा माणूस मोलाचा वाटतो.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात शार्को नावाचे मोठे डॉक्टर अशा बायांना भर सभेत उभं करून त्यांचे झटके दाखवत. फोटोही काढले जात. पुरुषांनाही हा आजार होतो, असं शार्को स्वतः सांगत. तरी नाव बाईला चिकटलं ते चिकटलंच.

मग पहिलं महायुद्ध आलं. तोफांच्या माऱ्यातून परतलेले धडधाकट शिपाई थरथर कापू लागले, कुणाची वाचा गेली, कुणाचे पाय चालेनात. लक्षणं तीच, पण त्यांच्यासाठी १९१५ साली नवा शब्द छापून आला, ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का. त्यांनाही भित्रे म्हणून हिणवलं गेलं, पण निदान नावात तरी कारण बाहेरचं होतं. बाईच्या नावात तिचं स्वतःचं अंग होतं. नवऱ्याचा मार, मेलेलं मूल, सावकाराचं कर्ज, यातलं काहीच त्या नावात मावत नव्हतं.

१९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आजारांच्या अधिकृत यादीतून हिस्टेरिया हे नाव काढलं. आपल्या ओसरीवरून ते निघायला वेळ लागतोय.

आपले शब्द बघा, तळमळ, तगमग, घालमेल, जीव टांगणीला लागणं. यात दोष कुणाचा ते कुठेच म्हटलेलं नाही, फक्त काय होतंय ते सांगितलंय. डॉक्टरकडे गेलात तर हेच शब्द बिनदिक्कत वापरा. कधीपासून होतंय, झोप लागते का, जेवण जातं का, त्या आधी घरात काय घडलं, तेही सांगा. झटका येऊन शुद्ध हरपत असेल तर फिट्सची तपासणी आधी करून घ्या, बाई नाटक करते असं घरच्यांनी परस्पर ठरवू नये. आणि जवळ कुणीच नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट लागतो, रात्रीसुद्धा, आणि मराठीत बोलता येतं.