ज्वारी-बाजरीवरील केवडा : रोगकारक जलबुरशींचे प्रजोत्पादन

ज्वारी-बाजरीची पाने पिवळी-पांढरी पाडणारा हा रोग जलबुरशींमुळे, म्हणजे बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण तपकिरी शैवालांना अधिक जवळच्या सूक्ष्मजीवांमुळे होतो. कोकोची फळे कुजविणारी फायटोप्थोरा ही प्रजातीही याच गटातली आहे. ज्वारी व बाजरी या दोहोंवरील रोगकारक एकच असल्याचे पूर्वी मानले जाई. संशोधक जी. एस. कुलकर्णी यांनी १९१३ मध्ये मात्र दाखविले की, बाजरीवरील बीजुककोशातून पाण्यात पोहणारी चलबीजुके बाहेर पडतात, तर ज्वारीवरील अलैंगिक बीजुके थेट अंकुरनलिका काढून रुजतात. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या भेदाचा पाठपुरावा करून वेस्टन व उप्पल या संशोधकांनी १९३२ मध्ये ज्वारीवरील जलबुरशीला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. अलैंगिक बीजुके रात्रीच्या दमट हवेत तयार होतात, वाऱ्याने पसरतात आणि अल्पजीवी असतात. लैंगिक प्रजोत्पादनातून बनणारी जाड भित्तीची बीजुके मात्र, ज्वारीच्या रोगट पानांच्या चिंध्या झाल्यावर मातीत मिसळून कित्येक वर्षे टिकतात, आणि शेतकऱ्याची खरी डोकेदुखी तीच होत. बाजरीवरील जातीत ती बनण्यास सामान्यतः दोन भिन्न मिलनप्रकार एकत्र यावे लागतात. बाजरीवरील या जातीमुळे कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, त्याला ‘गोसावी’ म्हणतात. रोग टाळण्यासाठी पेरणीपूर्वी मेटॅलॅक्सिल या बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया करतात.