धातूंचे नॅनोकण आणि प्रकाशाचे ध्रुवण

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा तलावावर ऊन पडले की पाण्याच्या चकाकीमुळे काठाजवळची मगरही छायाचित्रात नीट उमटत नाही. जाणता छायाचित्रकार अशा वेळी भिंगापुढे ध्रुवक काच लावून ती हाताने फिरवतो आणि एका विशिष्ट कोनात चकाकी मावळते. प्रकाशाचे विद्युत क्षेत्र त्याच्या मार्गाशी काटकोनात कंप पावते. या कंपनाच्या दिशेशी निगडित गुणधर्म म्हणजे ध्रुवण. पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात ही दिशा मुख्यतः आडवी असते. पाण्याच्या पातळीशी सुमारे ३७ अंशांचा कोन असता ती पूर्णपणे आडवी होते. ध्रुवक नेमकी तीच अडवतो.

काच फिरवायला हात लागतो. दूरसंचारासारख्या कामात हे बदल सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात हवे असतात. तेथे प्रकाशानेच प्रकाशाचे ध्रुवण वळवण्याची कल्पना उपयोगी पडते.

लेसरची तीव्रता पुष्कळ वाढवली की पदार्थाचा अपवर्तनांक तीव्रतेनुसार बदलू लागतो. हा अरैखिक परिणाम होय. मेकर, टर्ह्यून आणि सॅव्हेज यांनी १९६४ मध्ये दाखवले की, लंबवर्तुळाकार ध्रुवण असलेला तीव्र प्रकाश द्रवातून जाताना ते लंबवर्तुळ आपोआप फिरते. अशा प्रकाशाचे उजवे व डावे वर्तुळाकार घटक असमान असतात आणि त्यांना वेगवेगळा अपवर्तनांक लाभतो. रेषीय ध्रुवणात दोन्ही घटक समान असल्याने सर्व दिशांना सारख्या असलेल्या माध्यमात ते वळत नाही.

साध्या काचेत हा परिणाम फारच क्षीण असतो. सोन्याचांदीचे नॅनोकण मिसळले की चित्र पालटते. कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन ठरावीक तरंगलांबीला एकसाथ आंदोलित होतात (सोन्याच्या गोल कणांसाठी ती सुमारे ५२० नॅनोमीटर) आणि कणाच्या आत व लगतचे विद्युत क्षेत्र कित्येक पटींनी वाढते. जुन्या माणिकरंगी काचेची लालीही याच अनुस्पंदाची देणगी. रिकार्ड, रुसिन्योल आणि फ्लिट्झानिस यांनी १९८५ मध्ये सोन्याचांदीच्या कलिलांत अरैखिक परिणामाची ही वाढ मोजली. कण लांबट असून एकाच दिशेने मांडलेले असले, तर लांबीच्या व रुंदीच्या दिशेने माध्यम वेगळे वागते. मग रेषीय ध्रुवणही तीव्रतेच्या जोरावर बदलता येते.

अडचण आहे ती शोषणाची. सोन्याच्या किमतीची नव्हे, कारण सोने लागते नाममात्र. जेथे क्षेत्र सर्वाधिक वाढते तेथेच प्रकाश सर्वाधिक शोषला जातो. तापलेले इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांत आपली ऊर्जा कणाच्या जालकाला देतात. स्पंद फार तीव्र असल्यास कण वितळून त्याचा आकारच बदलतो. म्हणून अनुस्पंदापासून किंचित दूरची तरंगलांबी निवडावी लागते आणि तेथे लाभही कमीच पदरात पडतो.