तळघरातले बिऱ्हाड

जुन्या वाड्यांना तळघरे असत. धान्याच्या कणग्या, वर्षातून एकदा लागणारी मोठी भांडी, अडगळ अशा वस्तू तेथे ठेवीत. सामान ठेवण्याच्या या जागेत माणसे केव्हा राहू लागतात? शहर वेगाने वाढते, घरे अपुरी पडतात आणि सर्वांत कमी भाडे सर्वांत खालच्या खोलीचे असते, तेव्हा. इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदरात हेच घडले. त्याचा इतिहास आम्हाला वर्गात सांगण्याजोगा वाटतो, कारण त्यात मोजमाप आहे, चुकलेला सिद्धांत आहे आणि पाण्याचे साधे भौतिकशास्त्रही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत लिव्हरपूलची वस्ती तिपटीहून अधिक वाढली. गोदीवर मजुरी करणारी कुटुंबे मिळेल तेथे राहू लागली. घरमालकांनी घराखालची तळघरेही भाड्याने दिली. याच शहरात जन्मलेले डॉ. विल्यम हेन्री डंकन हे अशा वस्त्यांत रुग्ण तपासत. १८४३ मध्ये त्यांनी शहरातील वाढत्या मृत्यूंच्या कारणांवर व्याख्याने दिली. नुसती हळहळ व्यक्त न करता त्यांनी आकडे मांडले. सहा हजारांहून अधिक तळघरांत वीस हजारांहून अधिक माणसे राहत होती. खोली दहा-बारा फूट चौरस, उंची कधी सहा फुटांहूनही कमी. जमिनीला बहुधा फरशी, पण पुष्कळ ठिकाणी नुसती माती. दर सहांपैकी पाचांहून अधिक तळघरांना समोर खिडकी नव्हती आणि सुमारे ४४ टक्के तळघरे ओलसर किंवा पाण्याने भिजलेली होती.

सिद्धांत चुकला, मोजणी चुकली नाही

दूषित हवेमुळे रोग होतात असे डंकन मानीत. त्या काळी बहुतेक डॉक्टरांचे मत तेच होते. रोगजंतूंची कल्पना अजून रुजायची होती. तळघरांत थैमान घालणारा टायफस हा ताप उवांमुळे पसरतो, हे १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी दाखवले. म्हणजे डंकन यांचा कारणाचा तर्क चुकला होता. पण रोग कोठे आणि कोणत्या घरांत जास्त, ही त्यांची मोजणी बरोबर होती. दाटीवाटी, ओल आणि मृत्यू यांचा संबंध आकड्यांतून दिसत होता, आणि उपाय सुरू करायला तेवढे पुरेसे होते. मुलांना विज्ञानाची पद्धत समजावताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

१८४६ मध्ये लिव्हरपूलसाठी खास आरोग्य कायदा झाला. १८४७ च्या आरंभी डंकन शहराचे आरोग्य अधिकारी झाले आणि जेम्स न्यूलँड्स अभियंता म्हणून रुजू झाले. न्यूलँड्स यांनी शहराच्या चढ-उतारांचे बारकाईने मोजमाप करून भुयारी गटारांची सलग योजना आखली. तळघरे रिकामी करण्याची मोहीमही सुरू झाली.

पण त्याच वर्षी आयर्लंडमधील दुष्काळातून पळालेली सुमारे तीन लाख माणसे या बंदरात उतरली. त्यातली बरीच पुढे गेली, पण जी राहिली त्यांना परवडणारी घरे नव्हती. अधिकाऱ्यांनी तळघरे रिकामी केली की काही दिवसांत ती पुन्हा भरत. बाहेर काढलेल्या माणसाने जायचे कोठे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. नगरपालिकेने भाड्याची पहिली घरे बांधली ती १८६९ मध्ये. तीही गरजेच्या मानाने अगदी थोडी.

पाणी आत येते कसे?

तळघरात पाणी तीन वाटांनी येते. पहिली वाट वरची. रस्त्यावर साचलेले पाणी पायऱ्यांवरून खाली येते. दुसरी वाट भिंतीची व जमिनीची. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते. शिवाय विटेतल्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने ओल चढते. थाळीत थोडे रंगीत पाणी घेऊन त्यात खडू उभा केला, तर हे मुलांना काही मिनिटांत दिसेल. तिसरी वाट सर्वांत फसवी. तळघराची मोरी रस्त्यावरच्या गटाराच्या पातळीखाली असेल, तर गटार तुंबताच पाणी उलटे मोरीतून वर येते. पाणी समपातळी शोधते. भाडेकरार कोणाच्या नावावर आहे, हे ते पाहत नाही. उलटे येणारे पाणी अडवायला एकाच दिशेने उघडणारी झडप लागते. ती बसवण्याचा खर्च मालकाचा, आणि नसल्यास भिजते ते भाडेकरूचे सामान.

सामानच भिजते असे नाही. १ सप्टेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस पडला. तेथील गटारांचा आराखडा तासाला सुमारे ४४ मिलिमीटर पावसाचा आहे. त्या रात्री शहरात किमान ११ जण तळघरातल्या बिऱ्हाडांत मरण पावले. पुढच्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातील सोल येथे अर्ध्या भूमिगत घरात एकाच कुटुंबातील तिघांचा अंत झाला. सोलमधील अशा तळघरांचे मूळ १९७० च्या कायद्यात आहे. युद्धाच्या भीतीने, निवाऱ्यासाठी, ती बांधून घेतली होती. घरटंचाई वाढताच त्यांत भाडेकरू आले. गोष्ट लिव्हरपूलचीच.

माणसे बाहेर का पडू शकत नाहीत? आम्ही साधा हिशोब केला. दार ९० सेंटिमीटर रुंद आहे आणि बाहेर ३० सेंटिमीटर पाणी साचले आहे, आत कोरडे आहे. दारावर सुमारे ४० किलो वजनाइतका भार येतो. पाणी ६० सेंटिमीटर झाले की भार दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सुमारे १६० किलो. खोलीबरोबर दाब वाढतो आणि भिजलेले क्षेत्रफळही वाढते, म्हणून हा वर्गाचा नियम. गुडघ्याएवढे पाणी होईपर्यंत सामान आवरत बसलेल्या माणसाला मग दार उघडत नाही.

ही परदेशातली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. त्या तळघराला परवानगी सामान साठवण्याची होती.

आपले विद्यार्थीही उद्या शिकायला शहरात जातील आणि स्वस्त खोली शोधतील. गवंडी वापरतो ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी त्यांच्या हाती देऊ या. एक टोक रस्त्यावर, एक खोलीत. जमीन रस्त्याच्या वर आहे की खाली, मोरी कोणत्या उंचीवर आहे, हे त्यांना स्वतः मोजता येईल. तळघरच घ्यावे लागले, तर पाणी घोट्याला लागताच बाहेर पडायचे, हेही त्यांना ठाऊक असेल. मात्र एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कोरडी आणि परवडणारी खोली मिळाली नाही, तर धोका मोजूनही माणूस तेथेच राहतो. लिव्हरपूलची पुन्हा पुन्हा भरणारी तळघरे तेच सांगतात.