कार्थेजचा स्वतःचा आवाज

हॅनिबलचें नांव आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. इ. स. पूर्वी २१८ मध्यें तो आल्प्स ओलांडून इटलींत उतरला आणि २१६ मध्यें कॅनीच्या रणांगणावर त्यानें रोमची प्रचंड सेना वेढून कापून काढली. परंतु ही हकीकत आपण कोणाच्या तोंडून ऐकतों? पॉलिबियस हा रोमनें ओलीस नेलेला ग्रीक. लिव्ही तर रोमचाच अभिमानी. कार्थेजच्या बाजूनें बोलणारा कोणीच उरला नाहीं.

इ. स. पूर्वी १४६ मध्यें रोमनें कार्थेज जाळलें, वांचलेल्यांना गुलाम म्हणून विकलें आणि तेथील ग्रंथसंग्रह आफ्रिकेंतील राजांना वाटून टाकले. मागोचा २८ भागांचा कृषिग्रंथ तेवढा सिनेटनें लॅटिनमध्यें उतरवून घेतला. शत्रूचें शेतीचें ज्ञान रोमला हवें होतें. त्याचा इतिहास नको होता.

तरीहि दोन लेखांचा मागमूस उरला. पहिला हॅनो या दर्यावर्दीचा. पन्नास वल्ह्यांचीं ६० जहाजें घेऊन तो जिब्राल्टरबाहेर पडला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यानें दक्षिणेस गेला. परतल्यावर त्यानें सफरीचा वृत्तांत देवळांत लावला. आज त्याचें ग्रीक रूपच हातीं आहे. रात्रीं अरण्यांत पेटलेल्या आगी दिसल्या, बांसऱ्यांचा व झांजांचा नाद ऐकूं आला, आणि आपण भ्यालों, असें तो सरळ सांगतो. शिधा संपला म्हणून परत फिरलों, हेंहि तो लपवीत नाहीं.

दुसरा लेख खुद्द हॅनिबलचा. इटलीच्या दक्षिण टोंकाजवळ लॅसिनियम येथें त्यानें कांशाच्या पत्र्यावर आपल्या सैन्याची मोजदाद कोरविली. इटलींत पोहोंचलें तेव्हां पायदळ २०,००० आणि घोडेस्वार सुमारें ६,०००, असे त्यांतील आंकडे. पॉलिबियसनें तो पत्रा स्वतः पाहिला आणि आंकडे विश्वसनीय मानून आपल्या इतिहासांत घेतले.

'कार्थेजी इमान' म्हणजे बेइमानी, असा वाक्प्रचार रोमन लोकांनीं रूढ केला. पण उरलेल्या या दोन लेखांत काय आढळतें? एकांत भीतीची कबुली, दुसऱ्यांत सैन्याचा साधा हिशेब. पराजितांच्या वर्णनावर विश्वास ठेवण्यापूर्वीं तें कोणीं लिहिलें, एवढें तरी आपण विचारावें.