वेतन व विश्रांतीविषयक समूह दाव्यातील तडजोड (कॅलिफोर्निया)

थकवलेले वेतन आणि बुडालेली जेवणाची वा विश्रांतीची सुट्टी यांबद्दल एक-दोन कामगारांनी सर्वांच्या वतीने लावलेला दावा मालकाने पैसे देऊन मिटवणे, आणि त्यावर न्यायालयाने मान्यतेची मोहोर उठवणे. अमेरिकेत अशा दाव्यांचे माहेरघर कॅलिफोर्निया. १९३८ चा संघीय श्रममानक कायदा जेवणाची सुट्टी सक्तीची करत नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा करतो. पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्धा तास जेवणाची सुट्टी, आणि साधारण दर चार तासांमागे दहा मिनिटांची भरपगारी विश्रांती. जेवणाची सुट्टी न दिल्यास त्या दिवसाचा एक तासाचा जादा पगार द्यावा लागतो. विश्रांती बुडाली तर आणखी एक तासाचा. एवढ्या रकमेसाठी एकटा कामगार वकील गाठणार नाही. हजारो कामगार आणि काही वर्षे यांचा गुणाकार झाला की मात्र मालकाला घाम फुटतो.

सुट्टी दिली म्हणजे नेमके काय केले, यावर बरीच वर्षे भांडण चालले. ब्रिंकर या उपाहारगृह कंपनीच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले की, जेवणाच्या वेळेत मालकाने कामगाराला कामातून पूर्ण मोकळे करायचे; तो खरोखर जेवला की नाही यावर पहारा ठेवण्याची गरज नाही. एबीएम कंपनीच्या सुरक्षारक्षकांना विश्रांतीतही पेजर आणि रेडिओ चालू ठेवावे लागत, बोलावणे आले की उठावे लागे. कंपनीचे म्हणणे, बोलावणे आले नाही तर ती विश्रांतीच. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने हे म्हणणे धुडकावले आणि रद्द झालेला सुमारे ९ कोटी डॉलरचा निवाडा पुन्हा उभा केला. पुढच्या वर्षी कंपनीने ११ कोटी डॉलरवर तडजोड केली. दावा २००५ चा होता.

बहुतेक प्रकरणे निकालापर्यंत जात नाहीत. मध्यस्थापुढे आकडा ठरतो, न्यायाधीश प्राथमिक मंजुरी देतात, प्रत्येकाला नोटीस जाते. तडजोडीतून बाहेर पडायचे असेल तर मुदतीत कळवावे लागते. गप्प बसणारा तडजोडीने बांधला जातो. मग अंतिम सुनावणी. मूळ दाव्याची किंमत किती होती याची माहिती न घेता न्यायाधीशाने मान डोलवू नये, असे २००८ मध्ये फूट लॉकर कंपनीच्या प्रकरणात अपील न्यायालयाने बजावले.

वर्तमानपत्रात छापून येतो तो ढोबळ आकडा. त्यातून वकिलांची फी (बरेचदा एक तृतीयांश), वाटपाचा खर्च, पुढाकार घेणाऱ्या वादीचे मानधन आणि राज्याच्या वतीने मागितलेल्या दंडातला राज्याचा वाटा वजा होतो. उरलेली रक्कम सहसा कामाच्या आठवड्यांच्या प्रमाणात वाटतात. खरी मेख वाटपाच्या पद्धतीत असते. वॉलमार्टने डिसेंबर २००८ मध्ये देशभरातील ६३ खटले मिटवताना रक्कम ३५.२ ते ६४ कोटी डॉलर अशी सांगितली. नेमका आकडा किती कामगार अर्ज भरतात यावर अवलंबून होता. ज्याने नोटीस कचऱ्यात टाकली त्याचे पैसे कंपनीकडेच राहतात, अशी तडजोड कामगारांच्या दृष्टीने लंगडीच. अर्जाशिवाय थेट धनादेश पाठवणे केव्हाही बरे.

कॅलिफोर्नियातच मुंबईस्थित टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१३ मध्ये २.९७५ कोटी डॉलरची तडजोड केली. तिथे सुट्टीचा प्रश्न नव्हता. अमेरिकेत पाठवलेल्या कर्मचाऱ्यांकडून प्राप्तिकराचा परतावा कंपनीच्या नावे लिहून घेतला जात असल्याचा आरोप होता.

२०१८ मध्ये एपिक सिस्टिम्स प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, वाद एकेकट्यानेच लवादापुढे नेण्याची नोकरीच्या करारातील अट वैध ठरवली. तेव्हापासून अशा करारावर सही केलेल्या कामगारांना समूह दाव्याचा रस्ता बहुधा बंद असतो. राज्याच्या वतीने दंड मागण्याचा कॅलिफोर्नियातील २००४ पासूनचा मार्ग तेवढा काही अंशी खुला आहे.