नाताळच्या ताटातली नेवरी

गोव्यात नाताळला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे कोन्सुआदचं ताट जातं. नाव पोर्तुगीज; ताटात मात्र नेवऱ्या. चवथीला हिंदू घरांत तळतात त्याच, म्हणजे आपल्या करंज्या.

हे सहज घडलेलं नाही. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन आलं. 1736 च्या हुकूमनाम्याने तर ख्रिस्ती घरांना हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी केली. भातातलं मीठ तपासणारं धर्मपीठ! नेवरीचं खोबऱ्याचं सारण तरीही टिकलं. त्याच ताटात दोदोल असतो: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ, हात भरून येईपर्यंत ढवळलेला. बेबिंकातले अंड्यांचे बलक पोर्तुगीज वळणाचे, नारळाचा रस इथला. तिचा एक थर भाजून झाला की मगच वर दुसरा ओततात.