टाक, अन्नपूर्णा आणि देवघरातली वंशावळ

इंदूरच्या जुन्या मराठी घरात वंशावळ विचारली की एक पिवळा पडलेला कागद पुढे येतो. त्यावर आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, सगळे पुरुष. त्या घरात नांदायला आलेल्या बायका कुठे शोधायच्या? माझ्या मते देवघरात.

आधी टाक बघू. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली देवाची आकृती, तळहातात मावेल एवढी. घोड्यावर स्वार, हातात खड्ग, सोबत म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा, तर तो खंडोबा. आठ हातांची, महिषासुराला मारणारी ती भवानी. हातात शस्त्र आहे पण देवाची म्हणून एकही खूण नाही, असा टाक बहुतेक वेळा घरातल्या वीराचा, म्हणजे लढाईत किंवा अकाली गेलेल्या पूर्वजाचा. होळकरांचं कुलदैवत खंडोबाच. राजवाड्यातलं मल्हारी मार्तंडाचं देऊळ आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरात आली. आधी आणि नंतर जी घरं दक्षिणेतून इकडे आली, त्यांनी असेच आपापले देव सोबत आणले.

टाकांवरून मूळ मुलूख कळतो असं म्हणतात. कळतो, पण जपून. अनेक चित्पावन घराण्यांची कुलदेवी योगेश्वरी, तिचं ठाणं मराठवाड्यात अंबाजोगाईला, आणि घरं मात्र कोकणातली!

मी मूळचा यंत्रांचा माणूस, त्यामुळे माझी नजर आधी झिजेवर जाते. चिंच, राख, रांगोळी लावून पिढ्यान्‌पिढ्या घासल्यावर आधी जातं ते नाक, कारण उठावात ते सगळ्यात वर. मग चेहरा सपाट होतो. टाक फारच झिजला की मोडीत देऊन किंवा विसर्जन करून नवा करतात. भावांची वाटणी झाली की धाकट्याच्या घरीही नवा संच येतो. म्हणून 'आमचा टाक तीनशे वर्षांचा' हे वाक्य मी सहसा लिहून घेत नाही. आकृती जुनी असेल, चांदी बहुधा नवी.

अन्नपूर्णेचं तसं नाही. लग्नात नवरी गौरीहर पुजायला बसते, तेव्हा पुष्कळ घरांत तिच्यापुढे अन्नपूर्णा असते. हातात पळी घेऊन बसलेली, बहुधा पितळेची. ती आणि लोणी हातात घेतलेला रांगता बाळकृष्ण नवरीबरोबर माहेरहून सासरी येतात. टाक वडिलांकडून चालत येतात, अन्नपूर्णा सुनेबरोबर येते. म्हणजे देवघरातल्या अन्नपूर्णा मोजल्या की त्या घरात आलेल्या सुनांचा अंदाज लागतो. अगदी चोख हिशेब नव्हे; थोरलीकडे राहिल्या, वेगळ्या संसारात गेल्या, असं होतंच. तरी कागदावर नसलेली माहिती इथे धातूत आहे.

नेमक्या याच मूर्ती आज आधी जातात. वाडा पडतो, फ्लॅटमध्ये हातभर देव्हारा, त्यात संगमरवरी राधाकृष्ण नाहीतर रेझिनचा गणपती. मग 'एकच अन्नपूर्णा ठेवा' असं कोणीतरी सांगतं आणि बाकीच्या नर्मदेत किंवा मोडीत. श्रद्धेला माझा आक्षेप नाही, विसर्जन ही जुनीच रीत आहे. पण त्याआधी दहा मिनिटं काढा. प्रत्येक मूर्तीचा पुढून-मागून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. वजन. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारा, ही कोणाची.

एका घरात चार अन्नपूर्णा होत्या. आजींनी तिघींची माहेरं लगेच सांगितली : सागर, धार, बडोदे. चौथी त्यांच्या आजेसासूबाईंची. तिचं नावसुद्धा आता कोणाला ठाऊक नव्हतं, पण त्या मूर्तीची पळी डाव्या बाजूने घासून गुळगुळीत झाली होती.